ऑनलाइन नकाशावरून जागेची उंची: ५४९, ५४६ की ४८१?

कृष्णाकाठची (शनिवार, सकाळी ९:१२)

नमस्कार मंडळी. माझं माहेर पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. २०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी आलं ते माडीच्या जिन्याच्या आठव्या पायरीला टेकलं. २०२१च्या जुलैत पुन्हा आलं. दोन्ही वेळा आई-आण्णा जनावरं घेऊन पाहुण्यांकडे गेले आणि परत आल्यावर महिनाभर गाळ उपसत बसले. आता आईचे गुडघे गेलेत. तिसऱ्यांदा तिला यातून जाऊ द्यायचं नाही असं आम्ही भावंडांनी ठरवलंय.

गावाच्या वरच्या अंगाला, रस्त्याकडेला साडेचार गुंठे जागा विकायला आहे. विकणारे म्हणतात, इथं पाणी येत नाही. शेजारच्या रानातल्या मावशी म्हणाल्या, "एकोणीसला कंबरेएवढं हुतं की." मग काल रात्री लॅपटॉप घेऊन बसले. गूगल अर्थवर नवी जागा ५४९ मीटर आणि जुनं घर ५४६. म्हणजे तीन मीटरचा फरक, जीव भांड्यात पडला. मग समोच्च रेषा दाखवणारी दुसरी एक साइट उघडली, तर तिथे नवी जागा ५४६ आणि जुनं घर ५४७! भावाला जागेवर उभं राहून फोनमधल्या जीपीएस ॲपवर बघायला सांगितलं, तर तो म्हणतो ४८१.

मला समुद्रसपाटीशी काही देणंघेणं नाही. जुन्या घरापेक्षा नवी जागा खरंच उंच आहे का, आणि असली तर किती, एवढंच हवंय. हे घरबसल्या कळेल का?

सह्यवाटा (शनिवार, सकाळी ९:४०)

गूगल अर्थ नीट वापरलंत का आधी बघू. संगणकावरचं प्रोग्रॅमवालं गूगल अर्थ घ्या, मोबाइलवरचं नको. माउसचा बाण जागेवर नेला की खाली उजवीकडे दोन आकडे दिसतात. त्यातला एक जमिनीची उंची आणि दुसरा तुमचा 'डोळा' किती वर आहे तो. नवीन माणूस हमखास दुसरा वाचतो. शिवाय रेघ आखायचं साधन आहे. जुन्या घरापासून नव्या जागेपर्यंत रेघ मारा, तिच्यावर राइट क्लिक करून उंचीचा आलेख मागा, सगळा चढउतार दिसेल. ट्रेक आखताना आम्ही हेच करतो आणि सहसा फसत नाही.

साध्या गूगल मॅप्समध्ये भूरूपाचा थर चालू करून झूम केलं तर समोच्च रेषा आणि त्यांवरचे आकडेही दिसतात.

निळीशाई (शनिवार, सकाळी ९:५५)

वाचतेय. आमचं शिरोळ. तुमचाच प्रश्न आमचाही.

कृष्णाकाठची (शनिवार, सकाळी १०:०३)

सह्यवाटा, खालचा जमिनीचाच आकडा वाचला होता. आलेखही काढला आता. मध्ये एका ठिकाणी तीन मीटरचा उंचवटा दाखवतोय, पण तिथे उंचवटा नाही, वडाचं झाड आहे आणि त्याला लागून पत्र्याची गिरणी.

लेव्हलवाला (शनिवार, सकाळी १०:३१)

ताई, त्या वडाच्या झाडानेच तुम्हाला उत्तर दिलंय.

मी सर्वेक्षणाच्या कामात बावीस वर्षं आहे. नकाशात हे आकडे कुठून येतात ते आधी सांगतो. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर हे स्पेस शटल ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्याच्यावर एक रडार आतल्या बाजूला होतं आणि दुसरं ६० मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला. दोन डोळ्यांनी जसा खोलीचा अंदाज येतो, तसं या दोन रडारांनी जमिनीची उंची मोजली. उत्तरेला ६० अंशांपासून दक्षिणेला ५६ अंशांपर्यंतची सगळी जमीन त्यात आली. त्या मोहिमेचं नाव एसआरटीएम. फुकट मिळणाऱ्या बऱ्याच उंचीच्या साइट्स आजही त्याच माहितीवर चालतात. नंतर जर्मन उपग्रहांवरून तयार झालेलं कोपर्निकस प्रतिमान (म्हणजे जमिनीच्या उंचीचा आकड्यांतला नकाशा) आलं, जपानचं आलं. आपल्या इस्रोने २००५मध्ये कार्टोसॅट-१ सोडला, त्यावरून कार्टोडेम झालं. वेगवेगळ्या साइट्स वेगवेगळं प्रतिमान वापरतात, म्हणून तुमचे ५४९ आणि ५४६ जुळत नाहीत.

या फुकट प्रतिमानांत एक ठिपका म्हणजे साधारण ३० मीटर बाय ३० मीटरचा चौकोन, आणि त्या अख्ख्या चौकोनाला एकच आकडा. साडेचार गुंठे म्हणजे सुमारे ४५५ चौरस मीटर. तुमची जागा अर्ध्या ठिपक्यात बसते! उरलेल्या अर्ध्यात शेजाऱ्याचा ऊस, रस्त्याचा भराव, जे असेल ते.

आणि रडार जमीन बघत नाही, जे वर दिसतं ते बघतं. झाड असेल तर झाडाचा शेंडा आणि जमीन यांच्या मधलं काहीतरी धरतं. फेब्रुवारी म्हणजे तुमच्याकडे ऊसतोडीचा हंगाम. काही रानं मोकळी, काहींत पुरुषभर उंचीच्या वर ऊस उभा. अशा शिवारात मीटर-दोन मीटरच्या फरकावर मी तरी घर बांधणार नाही. एसआरटीएमचं ठरवलेलं उद्दिष्टच मुळी चूक १६ मीटरच्या आत ठेवायचं होतं. प्रत्यक्षात चूक त्यापेक्षा बरीच कमी निघाली, पण ती मीटरांतच मोजायची, इंचांत नाही.

सह्यवाटा (शनिवार, सकाळी ११:०२)

मान्य, पण म्हणून नकाशाला अगदीच मोडीत काढू नका. कळसूबाई १६४६, साल्हेर १५६७, मला चढायचंय किती याचा अंदाज नकाशा उत्तम देतो. हां, टोकदार सुळक्यांच्या माथ्यावर तो नेहमी कमी दाखवतो, कारण माथा आणि बाजूचा उतार एकाच चौकोनात सरासरीत जातात. आणि कोकणकड्यावर बाण केसभर सरकवला की आकडा शेकडो मीटर खाली कोसळतो. पण डोंगरात दहा मीटरने काही बिघडत नाही.

लेव्हलवाला (शनिवार, सकाळी ११:१०)

बरोबर. डोंगरात दहा मीटरने बिघडत नाही, कृष्णाकाठी एका फुटाने बिघडतं. तेच साधन, फक्त प्रश्न वेगळा.

भाताची_खाचरं (शनिवार, सकाळी ११:२६)

४८१चं कोणी सांगेल का? मागच्या दिवाळीत हरिहरेश्वरला वाळूत उभं राहून फोनवर उंची बघितली, उणे साठच्या घरात! पोरगा ओरडला, "बाबा, आपण पाण्याखाली आहोत." घरी येईपर्यंत त्याने सगळ्यांना सांगून झालं होतं की आम्ही समुद्राच्या तळाला जाऊन आलो.

लेव्हलवाला (शनिवार, दुपारी १२:१५)

खाचरंराव, तुमचा फोन बिघडलेला नाही. हा माझ्या आवडीचा विषय आहे, जरा लांब लिहितो.

जीपीएस समुद्र ओळखत नाही. त्याच्यासाठी पृथ्वी म्हणजे गणिताने ठरवलेला एक गुळगुळीत, ध्रुवांकडे किंचित चपटा गोळा. तो त्या गोळ्याच्या पृष्ठापासून उंची सांगतो. खरा समुद्र मात्र गुरुत्वाकर्षण सांगेल तसा पसरतो. जिथे पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान कमी तिथे ओढ कमी, तिथे समुद्राचं पाणी त्या गोळ्यापेक्षा खाली बसतं. आणि जगातला असा सगळ्यात खोल खळगा कुठे असेल? आपल्याच हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेला. तिथे समुद्राची सरासरी पातळी त्या गोळ्याच्या १०० मीटरहून जास्त खाली आहे. जहाजावरच्या माणसाला हा खळगा जाणवत नाही, कारण त्याची सपाटीही त्याच पाण्याबरोबर वाकलेली असते.

या खळग्याची कड आपल्याकडेही पसरली आहे. कोकण किनाऱ्यावर साठ-पासष्ट मीटर, दक्षिणेकडे जाल तसा आकडा वाढतो. म्हणून हरिहरेश्वरच्या वाळूत कच्चा जीपीएस उणे साठच्या घरात दाखवतो. ताई, ४८१मध्ये तुमच्या भागाचे पासष्ट-सत्तर मिळवा, बघा कुठे पोचता ते. काही फोन ही दुरुस्ती स्वतः करतात, काही ॲप्स करत नाहीत, त्यामुळे दोन फोन शेजारी धरले तरी भांडतात.

भाताची_खाचरं (शनिवार, दुपारी १२:३३)

हे पोराला आत्ताच वाचून दाखवलं. आता तो विचारतोय, मग खरा समुद्रसपाटीचा शून्य कोणी आणि कुठे ठरवला?

लेव्हलवाला (शनिवार, दुपारी १२:५०)

शाबास त्याची. बंदरांवर भरती-ओहोटीची नोंद करणारी यंत्रं असतात. कैक वर्षांच्या नोंदींची सरासरी काढली की त्या बंदराचा शून्य मिळतो. भारताचा जुना उंचीचा पाया १९०९चा. कराचीपासून मुंबई, कारवार, मद्रास असं करत पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या नऊ ठिकाणच्या नोंदींवर तो बांधला. तिथून सर्वे ऑफ इंडियाच्या लोकांनी दुर्बिणीची लेव्हल आणि पट्टी घेऊन, एकेक टप्पा मोजत, उंची देशभर चालत नेली. वाटेत जागोजाग दगडांवर खुणा कोरल्या, त्यांना बेंचमार्क म्हणतात. नागपूरला झीरो माइलपाशी जो जीटीएसचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा दगड आहे, त्यावर १०२०.१७१ फूट असा आकडा कोरलाय. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! तो शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी पायी मोजलेला आहे.

दोन_रूळ (शनिवार, दुपारी १:२०)

विषय निघालाच आहे तर रेल्वेच्या पिवळ्या पाट्या! प्रत्येक स्टेशनच्या पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. लहानपणी कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत खिडकीला नाक लावून मी ते आकडे वहीत उतरवायचो. बोरघाटात चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. थळघाटात कसाऱ्याहून इगतपुरीला जातानाही तोच. म्हणून मागून ढकलायला इंजिनं लावतात. रस्त्याला हा चढ काहीच नाही, पण लोखंडावर लोखंड घसरतं. रेल्वे बांधताना उंची मीटरात नाही, बोटाबोटाने मोजावी लागते.

अंगतपंगत (शनिवार, दुपारी १:४४)

मी लष्करातल्या माणसाची बायको, दोन वर्षं लेहला काढली. आमचा उंचीचा नकाशा म्हणजे डाळ. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ दिवसभर नाचते, पण शिजत नाही. साधारण दर ३०० मीटरला उकळबिंदू एक अंशाने उतरतो. महाबळेश्वरला चहा घरच्यासारखा का उतरत नाही, त्यातही थोडा हात याचा आहे असं माझं मत.

सह्यवाटा (शनिवार, दुपारी २:०५)

माझ्या घड्याळात हवेच्या दाबावर उंची दाखवणारी सोय आहे. कृष्णाकाठची, भावाच्या फोनमध्ये दाबमापक असेल तर तोच वापरून बघा ना. जीपीएसपेक्षा फरक चांगला दाखवतो.

पाटकरी (शनिवार, दुपारी ३:३०)

दाबमापकावर मी बोलतो. पाटबंधाऱ्यात नोकरी झाली, आता निवृत्त. दाब एक हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजायचं एकक) उतरला की यंत्राला वाटतं आपण आठ-नऊ मीटर वर गेलो. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमाराला सर्वांत जास्त असतो आणि दुपारी चारला कमी. हवा स्वच्छ असली तरी हे घडतं. टेबलावर ठेवलेलं घड्याळ दिवसभरात वीस-तीस मीटर 'चढतं'. दोन मिनिटांच्या अंतराने दोन ठिकाणी वाचलं तर एकवेळ जमेल, तेही मीटरभराच्या चुकीने. घरासाठी नको.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण तो बाजूला पडत चाललाय आणि ताईंचा जीव टांगणीला आहे.

ताई, तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी हव्यात. पहिली, ही जागा पूररेषेत आहे का. जलसंपदा विभागाने नदीच्या पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही, निळी आणि लाल यांच्या मधे अटींवर परवानगी मिळते. गट नंबर घेऊन जा आणि इसारा देण्याआधी जा.

दुसरी गोष्ट, २०१९चं पाणी त्या जागेवर नेमकं किती होतं. इथे लोक एक घोटाळा करतात. रेडिओवर ऐकतात, सांगलीत आयर्विन पुलाला पाणी साडेसत्तावन्न फुटांवर. मग गावाचा हिशोब त्या आकड्याशी लावतात. ते फूट त्या पुलावरच्या पट्टीचे, तिच्या स्वतःच्या शून्यापासूनचे. समुद्रसपाटीशी किंवा तुमच्या उंबऱ्याशी त्यांचा थेट संबंध नाही. आणि पूर म्हणजे तळं नव्हे. पाणी वाहतं म्हणजे त्याला उतार आहे. तुमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला असेल तर तुमच्याकडे पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या हिशोबात सांगलीपेक्षा जास्तच असणार. धरणं पूर्ण भरल्यावरच्या, समुद्रसपाटीपासूनच्या पातळ्या बघा. कोयना ६५९.४ मीटर, उजनी ४९६.८३, अलमट्टी ५१९.६. आम्ही दशांशावर भांडायचो, कारण दशांशात गावं येतात.

म्हणून सांगलीचा आकडा नको, नकाशाचाही नको. तुमच्या गावातली २०१९ची खूण शोधा.

निळीशाई (शनिवार, दुपारी ३:४८)

काका, उपग्रह नको तर सर्वे ऑफ इंडियाचा छापील नकाशा चालेल का? फुकट उतरवून घेता येतो म्हणतात.

पाटकरी (शनिवार, सायं. ४:१०)

२०१७पासून ते नकाशे ऑनलाइन फुकट मिळतात आणि मला फार प्रिय आहेत. पण १:५०,००० प्रमाणात दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असतं. कृष्णेच्या सपाट खोऱ्यात एक रेषा गावाच्या एका टोकाला, पुढची कुठेतरी डोंगराच्या पायथ्याला. मधली सगळी गावं कोऱ्या कागदावर. मधेमधे सुट्या उंचीचे ठिपके असतात, त्यातला एखादा तुमच्या चौकात असला तर नशीब.

आम्स्टेलकाठ (शनिवार, सायं. ५:३५)

मी नेदरलँड्समध्ये असते, मूळची मिरजेची, म्हणून राहवलं नाही. इथे सरकारने विमानातून लेझरने अख्खा देश मोजून ती उंची ऑनलाइन ठेवलीय. घराच्या पत्त्यावर टिचकी मारली की अंगणाची उंची काही सेंटिमीटरच्या अचूकतेने दिसते. झाडं आणि घरं काढून टाकलेली नुसती जमीनही बघता येते. आमचा विमानतळ स्किपोल समुद्रसपाटीखाली तीनेक मीटरवर आहे, त्यामुळे ही चैन नाही, गरज आहे.

आम्स्टरडॅमच्या नगरपालिकेच्या इमारतीत खाली एक पितळी खूण आहे, तो इथला शून्य. शेजारी पाण्याने भरलेले काचेचे तीन खांब. दोनांत समुद्राची आत्ताची पातळी वरखाली होत असते. तिसऱ्यात १९५३च्या महापुराची पातळी, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. पहिल्यांदा त्या तिसऱ्या खांबाखाली उभी राहिले तेव्हा मला मिरजेतलं आमचं घर आठवलं. आपल्याकडे गावोगावी असा एक खांब हवा.

मिस्त्रीकाका (शनिवार, रात्री ९:२०)

सगळं वाचलं. ताई, तुमचं काम दोनशे रुपयांच्या पायपात हाय.

पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, वीस मीटर. आमचे जुने लोक त्याला पाणसळच म्हणायचे. पाणी भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्यानं ओढून घ्या, नळाला लावून भरू नका, बुडबुडे राहतात. एक बुडबुडा राहिला की इंचभर लेव्हल गेली समजा. दोन्ही टोकं शेजारी धरून बघा, पाणी एका रेषेत आलं तर पाइप खरा. मग एक माणूस पुराच्या खुणेपाशी, दुसरा वीस मीटरवर विजेच्या खांबापाशी. चालताना टोकाला अंगठा, वाचताना अंगठा सोडायचा. खुणेपाशी पाणी टेकलं की खांबावर खडूनं रेघ. मग त्या रेघेपासून पुढच्या खांबावर. असं जागेपर्यंत जायचं. शेवटी जमिनीपासून रेघेपर्यंत टेप लावला की जेवढं येईल तेवढं पाणी तिथं होतं. वरच्या उपग्रहाला इचारायची गरज नाही.

लेव्हलवाला (शनिवार, रात्री ९:४१)

मिस्त्रीकाकांना नमस्कार. एकच भर घालतो. पोचल्यावर तिथेच थांबू नका, दुसऱ्या वाटेने परत मूळ खुणेपर्यंत या. आलेली रेघ आणि मूळ खूण यांत जो फरक पडेल ती तुमची चूक. इंचाच्या आत असेल तर बिनघोर. आम्हीही लाखांची यंत्रं घेऊन हेच करतो.

सकाळी लवकर करा. उन्हात पाइपचा अर्धा भाग तापला तर पाणी फसवतं.

कृष्णाकाठची (रविवार, रात्री ८:५०)

मंडळी, आज करून आले. सगळं सांगते.

पहाटेच पुण्याहून निघालो, सातला गावात. २०१९ची खूण शाळेच्या भिंतीवर आहे, मास्तरांनी तेव्हाच निळ्या रंगाने पट्टा मारून घेतलेला. पट्ट्याची वरची कड धरायची की खालची, यावर आण्णा आणि भाऊ भांडले. आण्णांनी घरातली जिन्याची पायरी आठवून सांगितलं, वरची. तिथेच खडूने फुली मारली. शाळेपाशी ती जमिनीपासून पाच फुटांवर येते.

पाइपचं एक टोक आण्णांनी धरलं. त्यांना सोडायचंच नव्हतं. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, अंगठा दाबून एकेका खांबापाशी जात होता, आणि पाणी थरथरायचं थांबेपर्यंत कोणाला बोलू देत नव्हता. पहिल्या खांबावर रेघ माझ्या खांद्याला आली. दुसऱ्यावर किराणा दुकानाच्या शटरच्या कडीवर. मग वड, मग गिरणीचा पत्रा. तिथे जमीन रस्त्यासारखीच, नकाशावरचा तीन मीटरचा उंचवटा कुठेच नाही! जसजसे वर गेलो तसतशी रेघ पोटाकडे, मग मांडीकडे उतरत गेली. बारा टप्प्यांत जागेवर पोचलो.

रस्त्याकडच्या कोपऱ्यात जमिनीपासून रेघ २ फूट १ इंच. मागच्या, उसाकडच्या कोपऱ्यात ३ फूट. मावशी बांधावर उभ्या होत्या, त्यांना खुंटीपाशी उभं केलं, रेघ बरोबर कंबरेला.

परत फिरून शाळेपाशी आलो तर फरक अर्धा इंच. मग जुन्या घरातही रेघ नेली. आतल्या फरशीपासून साडेपाच फूट. म्हणजे नवी जागा जुन्या घरापेक्षा रस्त्याकडे सुमारे मीटरभर उंच. ना तीन मीटर उंच, ना मीटरभर खाली.

सह्यवाटा (रविवार, रात्री ९:०२)

एक नकाशा वर चुकला, दुसरा खाली. मी शब्द मागे घेतो, अशा कामाला नकाशा नको. आण्णांना नमस्कार सांगा.

पाटकरी (रविवार, रात्री ९:१५)

फार चांगलं केलंत. आता जोतं किती घेणार? २०१९ची रेघ म्हणजे कमाल असं धरू नका, वर किमान दोन फूट तरी सोडा. आणि रस्त्याकडे २ फूट १ इंच म्हणजे भराव मागच्या बाजूला जास्त लागेल. तो नुसता मातीचा टाकला तर पाण्यात बसतो, मुरूम टाकून थराथराने दाबून घ्या. पूररेषेचं मात्र आधी.

कृष्णाकाठची (रविवार, रात्री ९:३८)

हो काका, गट नंबर काढून ठेवलाय, उद्या भाऊ जातोय. लाल रेषेच्या आत निघाली तर इसारा देणार नाही, दुसरी जागा बघू. बाहेर निघाली तर जोतं साडेचार फूट धरलंय, आणि वर माळ्यावर, गच्चीवर जायचा जिना बाहेरूनच.

एक सांगायचं राहिलं. खडूच्या रेघा आम्ही पुसल्या नाहीत. दुपारी दुकानापाशी पोरं रेघेला पाठ लावून आपापली उंची बघत होती. संध्याकाळी निघताना चौघेजण आण्णांकडे आले, रेघ आमच्याही दारापर्यंत आणा म्हणून. पाइप गावातच ठेवून आले. पुढच्या रविवारी खालच्या आळीत नेणार आहेत, आणि खडूऐवजी ऑइलपेंट आणायला सांगितलाय.

निळीशाई (रविवार, रात्री ९:४४)

निळा आणा. मी शिरोळसाठी पाइप घ्यायला उद्याच जाते.